कात्रीमामांच्या हातासाठी प्रार्थना

आमच्या घरी जायचा जिना एका सलूनमधून जातो. सलूनच्या शेजारून नव्हे, थेट आतून. रस्त्यावरून काचेचं दार ढकलायचं, खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या माणसाला नमस्कार करायचा, जमिनीवरचे केस चुकवत चुकवत शेवटच्या आरशापर्यंत जायचं आणि त्याच्या शेजारचा पडदा सारून वर चढायचं. पहिल्या दिवशी आम्ही बोचकी, ट्रंका आणि आईची बाजाची पेटी घेऊन आत शिरलो, तेव्हा अर्ध्या तोंडाला फेस लावलेला एक माणूस दचकून उभाच राहिला. त्याला वाटलं, दुकान विकलं गेलं आणि आपली दाढी आता जन्मभर अर्धीच राहणार.

माझे बाबा मिशनरी. आमच्या गावाकडच्या चर्चनं, म्हणजे आमच्या भाषेत मंडळीनं, गाणी म्हणून, गळ्यात पडून, रडून त्यांना समुद्रापलीकडे इथे धाडलं. आई आणि मी सामानाबरोबर आपसूक आलो. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घोडा, पांढरी टोपी आणि घनदाट जंगल येतं. आमच्या वाट्याला सलूनवरच्या दोन खोल्या आल्या. जंगल म्हणाल तर जिन्याच्या पायथ्याशी साठलेले लोकांचे केस. ते मोज्यांना चिकटून वर यायचे, चादरीत सापडायचे, एकदा तर बाबांच्या प्रवचनाच्या कागदांत निघाले. आई केर काढता काढता पुटपुटायची, "आपण लोकांना मार्ग दाखवायला आलोय की त्यांचे केस गोळा करायला, देव जाणे."

बाबा इथली भाषा शिकले ती निघण्याआधी, एका जुन्या धर्मग्रंथाच्या भाषांतरावरून. त्यामुळे स्वर्ग, नरक, पश्चात्ताप, दुष्काळ आणि उंट यांविषयी त्यांना सफाईनं बोलता येतं. साबण, बल्ब आणि बसचं तिकीट मागता येत नाही. भाजीवालीपुढे उभे राहून ते जे बोलायचे, ते मराठीत आणायचं तर साधारण असं: "हे भगिनी, तुझ्या टोपलीत जे आहे त्यातले थोडे मजला दे, आणि तुझ्या घराण्याचे कल्याण असो." भाजीवाली पहिल्यांदा घाबरली. नंतर नंतर ती शेजारणीला हाक मारून बोलवायची, "ये गं, ते आलेत. काही विकत घ्यायच्या आत ये."

मी मात्र दुकानातून जाता-येता शिकले. मला भाषा येत नाही, माणसं येतात. एकदा माणूस तोंडात बसला की त्याची भाषा मागोमाग येते. आणि सगळ्यांत आधी माझ्या तोंडात बसले ते कात्रीमामा.

मामांचं नाव लांबलचक आहे, पण त्यांच्या हातात कात्री कायम असायची म्हणून मी त्यांना कात्रीमामा केलं. ती कात्री केसांत चालायची त्याच्या दुप्पट हवेत चालायची. बोलणंही तिच्याच तालावर. इथे मी त्यांच्या तोंडी आपली मराठीच घालते, पण ताल त्यांचाच आहे: "बसा, बसा, चक् चक्, मान खाली, चक्, मग काय म्हणाला तुमचा साहेब, चक् चक् चक्, नाही दिली ना रजा? वाटलंच!" गिऱ्हाइकानं दोन वाक्यं बोलावीत, मामांनी त्यातली तिसरी ओळखावी. मी जिन्यावर बसून ही कात्री तोंडानं वाजवायचे. मामांना ते आरशात दिसायचं. "आली नकलाबाई!" ते म्हणायचे. "जरा घड्याळवाल्यांची चाल दाखव गं. आज ते यायचेत, आधीच हसून घेऊ, म्हणजे समोर हसू येणार नाही."

मामा लहानपणी त्यांच्या काकांच्या दुकानात आरसे पुसायला लागले आणि पुसता पुसता त्याच दुकानाचे मालक झाले. खुर्ची त्यांनी एका बंद पडलेल्या दुकानातून आणली होती. पायानं दाबलं की ती वर चढायची खरी, पण मग आपण होऊन इतकी सावकाश खाली यायची की गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. मामा त्याच बेतानं वाकत जायचे. दाढी सुरू करताना ताठ आणि संपवताना कमरेत दुमडलेले. मामी गेल्याला बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, तिला मी ताई म्हणते, ती आधी बटणांच्या कारखान्यात होती आणि आता बापाच्या हाताखाली होती. मामा जितके बोलायचे तितकी ती गप्प. तिची नक्कल करणं फार अवघड. नुसतं बघायचं असतं, तेही पापणी न हलवता.

एक गोष्ट मामांची वेगळी होती. एवढं बोलायचे, पण सांगायचे काहीच नाहीत. आता गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या घड्याळवाल्यांचंच घ्या. त्यांचे केस या वयात कोळशासारखे काळे कसे, हे मामांना माहीत होतं. जिन्यामुळे आम्हालाही माहीत होतं. एकदा अर्धं शटर ओढलेलं असताना आई पिशव्या घेऊन आत शिरली, तर घड्याळवाले डोक्याला काळं माखून बसलेले. मामा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, डोक्याला थंडावा म्हणून लेप लावलाय त्यांना." आईही नेहमीच्या आवाजात म्हणाली, "छान. थंडावा हवाच." बस्स. गल्लीतल्या कुणीही घड्याळवाल्यांसमोर पांढऱ्या केसांचा विषय काढल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मी तर सगळ्यांचं सगळं ऐकते.

तर एका सकाळी बाबा दाढी कातरून घ्यायला खाली आले. बाबांची दाढी म्हणजे छातीपर्यंतचा कारभार. दीक्षा झाली त्या दिवसापासून ठेवलेली. आई म्हणते, "यांना हनुवटी आहे की नाही हे मी लग्नापासून निव्वळ विश्वासावर धरून चाललेय." दुकान रिकामं होतं. मी दुभाषी म्हणून बाकावर. मामांची कात्री हवेत जरा जास्तच वाजत होती. मध्येच ती थांबली. मामांनी दाराकडे बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

"नकलाबाई, तुझ्या बाबांना एक सांगायचंय. तुलाही ऐकावं लागणार, इलाज नाही. पण हे नकलेत घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

"शपथ घे."

"आमच्यात शपथ घेत नाहीत. नुसतं हो म्हटलं की झालं."

"स्वस्तात सुटता की तुम्ही! बरं, हो म्हण."

"हो."

त्यांनी उजवा हात बाबांसमोर धरला. बोटं हलत होती. दोरीवर वाळत घातलेला रुमाल हलतो ना, वारा दिसत नाही पण रुमाल हलतो, तशी.

"कात्रीचं चालून जातं," मामा म्हणाले. "कात्री हलतीच असते. लोक म्हणतात, वा, काय हात चालतोय! वस्तऱ्याचं काय करू? डॉक्टर म्हणाला, हे वाढणार, थांबणार नाही."

मी बाबांना सांगितलं. बाबांचे डोळे लगेच भरून आले. त्यांचे डोळे फार तयारीचे आहेत.

"ताईला तयार करतोय," मामा पुढे म्हणाले. "आता मानेवरची लव ती करते, कानशिलं ती करते. मग गाल देईन, मग हनुवटी, शेवटी गळा. असं हळूहळू. गिऱ्हाइकाला एक दिवस कळावं की अरेच्चा, कधीपासून हीच करतेय की आपली दाढी! पण तोवर माझा हात कुणाला दिसता कामा नये. बाईच्या हातात वस्तरा बघून लोक आधीच सावरून बसतात. त्यात म्हातारा नाइलाजानं देतोय असं कळलं तर संपलं. तिच्यासमोर कुणी गाल धरणार नाही. मग हे दुकानही गेलं आणि तीही परत बटणं मोजायला गेली."

"आणि ती शिकते कुणावर?" बाबांनी विचारलं.

मामांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. जवळून पाहिलं तर बारीक बारीक रेघा होत्या.

बाबांनी वाकून त्या रेघा बघितल्या. मग मला म्हणाले, "त्यांना विचार, मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?"

मी विचारलं. मामा हसले. "करा की! त्यात माझं काय जातंय?"

इथे आमच्या गावाकडच्या मंडळीबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाबांनी पुढे जे केलं ते कुणालाच समजायचं नाही. आमच्याकडे रविवारी गाणी झाली की पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" की एकेक जण उठतो. "माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पित्ताशयासाठी." "आमच्या जावयाच्या पिण्यासाठी, म्हणजे ते सुटावं म्हणून." "माझ्या पोटाचं परत सुरू झालंय, कसं ते सगळ्यांना माहीतच आहे." माहीत असतंच. तिथे कुणाची मूळव्याध कुठवर आली हे पोरासोरांनाही तोंडपाठ असतं. मग सगळे एका सुरात देवाला साकडं घालतात, आणि उपासना सुटली की जाऊबाईंभोवती बायकांचा गराडा: अगं, तेलकट सोड, अगं, माझ्या बहिणीचा डॉक्टर सांगते. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट एखाद्याचं दुखणं विषयांत आलं नाही तर तो रुसतो, "आमच्यासाठी कोण मागणार!" बाबा या वातावरणात वाढले. त्यांच्या लेखी प्रार्थना म्हणजे ही. चारचौघांत, मोठ्यानं, दुखणाऱ्या अवयवाच्या नावासकट.

आमच्याकडे वरच्या खोलीत रविवारी दुपारी लोक जमायचे. भक्तीनं म्हणाल तर तसं नाही. दुकान बंद असायचं, आई चहा करायची आणि पेटी वाजवायची, एवढं पुरे होतं. त्या रविवारी घड्याळवाले होते, आमच्या मार्गावरच्या बसचे ड्रायव्हर होते, गल्लीतले आणखी थोडे पुरुष होते. सगळी मामांची गिऱ्हाइकं. मामा भिंतीकडेला बसले होते, शेजारी ताई.

बाबा उठले. माझ्याकडे बघून हात केला: आज तुझी गरज नाही. आठवडाभर ते आतल्या खोलीत काहीतरी घोकत होते, ते हे. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच त्यांचा एकही शब्द अडखळला नाही.

"हे दयाळू परमेश्वरा, खाली ज्याचे दुकान आहे त्या तुझ्या लेकराकडे पाहा. त्याचा उजवा हात थरथर कापत आहे, आणि वैद्यांनी आशा सोडली आहे. ज्या हाताने तो या सर्वांच्या गळ्यांवर वस्तरा चालवतो, तो हात तू स्थिर कर."

प्रार्थनेत मी डोळे कधीच पूर्ण मिटत नाही. मिटले तर माणसं दिसणार कशी? म्हणून मला दिसलं. ड्रायव्हरकाकांचा हात सावकाश वर आला आणि त्यांच्या गळ्यावर बसला. मग घड्याळवाल्यांचा. मग त्यांच्या मागच्याचा. मिटल्या डोळ्यांनी सगळे आपापला गळा चाचपत होते. खरं सांगते, क्षणभर मला हसू फुटत होतं.

"आणि त्याच्या कन्येला बळ दे," बाबांचा आवाज आणखी चढला, "जी पित्याच्याच गालावर गुपचूप ही विद्या शिकत आहे, यासाठी की कुणाला न कळता तिने त्याची जागा घ्यावी."

हसू जिथल्या तिथे विरलं. मामांचे डोळे उघडे होते. ते बाबांकडे बघत होते. चिडून नव्हे, भर रस्त्यात आपला सदरा कुणीतरी उतरवून घेतला तर माणूस कसा बघेल, तसे. ताई जमिनीकडे बघत होती. तिची पापणी तेव्हा पहिल्यांदा हललेली दिसली.

चहा न घेताच लोक उठले. सगळ्यांनाच एकदम कामं आठवली.

बाबांचा चेहरा नुसता उजळला होता. "समजलं ना गं सगळ्यांना?"

"समजलं, बाबा. शब्द न् शब्द समजला."

दुसऱ्या दिवसापासून दुकान ओस पडलं. गल्लीतल्या पुरुषांच्या गालांवर खुंट वाढायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "म्हटलं, जरा ठेवून बघू." सगळ्यांना एकाच आठवड्यात दाढी ठेवावीशी वाटली! घड्याळवाले समोरच्या फुटपाथनं जायला लागले, तेही आमच्या काचेकडे बघायला नको म्हणून आकाशाकडे बघत. आणि तीन जण स्टॉपजवळच्या नव्या सलूनमधून गुळगुळीत होऊन येताना मी स्वतः पाहिले.

आणि आमचा जिना दुकानातून! दर वेळी बाहेर पडताना मामा त्या रिकाम्या खुर्चीशेजारी उभे. नमस्कार घ्यायचे. बोलायचे नाहीत. कात्री खणात ठेवून दिली होती. मला वाटायचं, कुणीतरी रेडिओचं बटण पिळून बंद केलंय. ताई आधीच पुसलेले आरसे पुन्हा पुसायची.

बाबांना काही उमगेना. बुधवारी जेवताना ते म्हणाले, "लोक घाबरले हा त्यांचा कमकुवतपणा. मी काय वाईट हेतूनं केलं?"

आईनं हातातला घास खाली ठेवला. "अहो, तुमच्या हेतूला कोण विचारतंय? त्या माणसानं तुमच्याजवळ एक गोष्ट ठेवायला दिली. तुम्ही ती भर चौकात मांडलीत."

"देवापुढे मांडली."

"देवापुढे मांडलीत, पण घड्याळवाल्यांच्या डोक्यावरून! तिकडे आपल्या मंडळीत सगळ्यांचं सगळं उघडं असतं, म्हणून कुणाला लाज वाटत नाही. इथे एकट्या त्यांचंच उघडं पडलं. आणि मागच्या महिन्यात तुमच्या स्वतःच्या मनात जे चाललं होतं, परत जाऊया, माझ्याच्यानं होत नाही म्हणून माझ्यापाशी रडलात, ते का नाही घातलंत विषयांत?"

बाबा एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी ताटात बघायला लागले. बाबा रडले होते हे मला माहीत नव्हतं. ही नक्कलही मी करणार नाही.

बाबा म्हणाले, "ते... ते घरातलं होतं."

"हं," आई म्हणाली.

बाबांनी जेवण तसंच टाकलं आणि मला घेऊन खाली गेले. मामा पट्ट्यावर वस्तरा घासत होते. डावा हात. उजवा खिशात. बाबांनी सुरुवात केली, "हे बंधो, मी तुझ्याविरुद्ध जे आचरण केले..." आणि गाडी त्या जुन्या ग्रंथाच्या वळणानं निघाली. मामांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, थोडक्यात."

मी सांगितलं. बाबा थांबले. मग मराठीतच म्हणाले, "चुकलं माझं." हे मी नुसतं पोचवलं.

मामांनी मान डोलावली. "एक विचार त्यांना. त्यांच्या देवाला कमी ऐकू येतं का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग पुढच्या वेळी हळू सांगा म्हणावं." आणि ते रविवारनंतर पहिल्यांदाच हसले, अर्धवट. "पण आता काय उपयोग! तिला गालच मिळणार नाही. माझ्या गालावर आता जागा उरली नाही."

कोपऱ्यातून आवाज आला. "यांना आहे की गाल." ताई. एवढं मोठं वाक्य मी तिच्याकडून प्रथमच ऐकत होते.

"कुणाला?" मामांनी विचारलं.

"यांना. त्या दाढीखाली असणार."

मी बाबांना सांगितलं नाही. मला सांगवेना. पण ताई बाबांच्या दाढीकडे अशी बघत होती की भाषेची गरजच नव्हती. बाबांचा हात आपोआप दाढीवर गेला.

"नको," मामा म्हणाले. "दया म्हणून कुणी बसायला नको. लोक हसतील."

"दया कुणाला हवीय? मला गाल हवाय," ताई म्हणाली. "आणि शनिवारी संध्याकाळी. शटर पूर्ण वर. दिवे लावून. लपून केलं म्हणून तर हे झालं. आता बघू देत सगळ्यांना."

बाबा वर आले ते थेट आरशापुढे. जिन्यावरून सगळं ऐकलेली आई त्यांच्या मागे उभी राहिली. "गेली तर गेली," ती म्हणाली. "परत उगवेल. दुकान उगवत नाही."

शनिवारी संध्याकाळी गल्ली भरलेली असते. बाबा खुर्चीत बसले तेव्हा त्यांचे पाय थोडे हलत होते, पण मी म्हटलं, आज अवयवांबद्दल न बोललेलं बरं. ताईनं आधी कात्रीनं दाढी उतरवली. काचेबाहेर दोघं थांबले. मग सहा-सात. पोरं काचेला नाक लावून उभी. कुणीतरी म्हणालं, "अरे, ते वरचे धर्मवाले!" "त्यांना शिक्षा झाली का?" "नाही रे, मुलगी करतेय. बापाचा हात गेला ना." मामा बाकावर बसले होते, गिऱ्हाइकाच्या बाकावर, आणि हे सगळं त्यांना ऐकू येत होतं.

फेस झाला. ताईनं वस्तरा उघडला. गाल गेला, दुसरा गाल गेला. खाली एक पांढराफटक, गोल, अनोळखी माणूस निघायला लागला. आई जिन्यावरून वाकून बघत होती. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "आहे की हनुवटी!"

त्या हनुवटीशी वस्तरा आला तसे बाबांचे मिटलेले ओठ हलायला लागले. मला कळलं, प्रार्थना चालू झाली.

"त्यांना सांग, ओठ हलवू नका," ताई म्हणाली. "कापेल. ते नंतर."

मी सांगायच्या आत कापलं. बारीकसंच, पण पांढऱ्या फेसावर लाल दिसताच काचेबाहेरून लाटेसारखा "आऽ" आला. ताई थिजली. वस्तरा हवेत. मामा उठायला गेले, आणि बसले. बसायला त्यांना उठण्यापेक्षा जास्त जोर लागला असणार. बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

घड्याळवाले दारातच होते, आठवड्याच्या खुंटांसकट. "कापलं ना?" ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

बाबांनी डोळे उघडले, आरशात हनुवटी बघितली आणि इथल्या भाषेत म्हणाले, "कापलं. थोडंसं. मी हललो." हे भगिनी नाही, हे बंधो नाही, उंट नाही. साधी तीन वाक्यं, आणि तीही बरोबर. ती कुठून आली ते मला माहीत नाही, कारण मी शिकवली नव्हती. मग त्यांनी मान पुन्हा मागे टाकली आणि गळा वर केला. थेट गळा.

ताईनं तुरटी लावली, वस्तरा पुसला आणि गळा केला. सावकाश, एकदाही न थांबता. झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी "माझा नंबर" म्हणून पुढेही आलं नाही. घड्याळवाले म्हणाले, "बघू, पुढच्या आठवड्यात बघू," आणि गेले. बाबा वर येऊन टॉवेलनं तोंड झाकून बसले. आई म्हणाली, "काढा तो टॉवेल, मला बघू तरी द्या, एवढी वर्षं थांबलेय." आणि मग त्या दोघांना हसू आवरेना. मी खिडकीतून खाली बघत बसले. ताई केस झाडत होती. बाबांचेच बरेच होते.

रविवारी वर फक्त आम्ही तिघं होतो. बाबांनी प्रार्थना केली. कुणाचं नाव नाही, कुणाचा हात नाही. "ज्याचं जे आहे ते तुला माहीत आहे," एवढंच म्हणाले. गावाकडच्या मंडळीला ती फारच तोकडी वाटली असती.

सोमवारी मी शाळेत जायला खाली उतरले तर ड्रायव्हरकाका दुकानात उभे. गणवेशात, बगलेत डबा. त्यांना बस काढायची घाई होती आणि तोंडावर आठवड्याचं रान. डेपोतल्या साहेबानं ताकीद दिली होती म्हणे, असं तोंड घेऊन गाडीवर यायचं नाही. स्टॉपजवळचं सलून उशिरा उघडतं. ते मामांकडे बघत होते, ताईकडे बघत होते, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"कोण करणार?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ती," मामा म्हणाले. त्यांनी एक शब्दही जास्त घातला नाही. मी पडद्यापाशीच उभी राहिले. शाळा गेली खड्ड्यात.

ड्रायव्हरकाकांनी डबा बाकावर ठेवला. टोपी काढली, परत घातली, परत काढली. "लागेल का गं?"

"हललात तर लागेल," ताई म्हणाली.

ते बसले. खुर्चीचे हात असे धरले की जणू ब्रेकच दाबायचाय. फेस लागला, वस्तरा उघडला, आणि दुकानात इतकी शांतता झाली की गालावरून वस्तरा जाण्याचा आवाज ऐकू यायला लागला, सुक्या पानांवरून चालल्यासारखा.

"अहो," ड्रायव्हरकाका डोळे मिटून ओठांच्या फटीतून म्हणाले, "तुम्ही तरी काही बोला की! एवढं गप्प दुकान, मला धडकीच भरतेय."

मामांनी घसा साफ केला. "काय बोलू? तुम्हीच सांगा. त्या वळणावरचा सिग्नल दुरुस्त झाला का तुमचा?"

"कुठला होतोय!"

"वाटलंच. म्हणजे तो मधला दिवा अजून..."

"हलू नका," ताई म्हणाली.

"मी नाही हललो, हे बोलतायत."

"त्यांना बोलू दे. तुम्ही नुसतं ऐका."

मामा बोलत राहिले. सिग्नल झाला, डेपोचा साहेब झाला, साहेबाच्या मेव्हण्याची नोकरी झाली. गाल झाले, हनुवटी झाली. गळ्याशी वस्तरा आला तेव्हा मामांचं वाक्य मध्येच तुटलं, मग त्यांनी ते उचललं आणि पुढे नेलं. ताईनं ओल्या फडक्यानं तोंड पुसलं.

ड्रायव्हरकाका उठले. आरशाजवळ गेले. एक गाल बघितला, दुसरा बघितला, गळ्यावरून हात फिरवला, हात उजेडात धरून बघितला. टोपी घातली. डबा उचलला. दारापर्यंत गेले. मग थांबले, आणि कानाखाली बोट चोळत मागे वळले.

"इथे राहिलंय."

"कुठे?" ताईनं विचारलं.

"हे काय, इथे. हाताला लागतंय."

"बसा मग."

ड्रायव्हरकाकांनी घड्याळाकडे बघितलं, डबा खाली ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसले.